नवरीच्या हातचं रुखवत

रुखवताच्या टेबलावर जे मांडलं असते ते सारं नवरीनं आपल्या हातानं केलं असते, असं म्हणतात. म्हणू द्या बापा. आमच्या पवनीत अन् आजूबाजूच्या खेड्यायत जिले सुईत धागा ओवता येत नव्हता, तिच्याही रुखवतात बाहुल्यायची अख्खी शाळा बसे. बाहुल्यायच्या पायात चपला, डोळ्यावर पितळी तारेचे चष्मे, हातात बोटाच्या पेराएवढी पुस्तकं. अन् पुस्तक उघडलं तं आत पाढे लिहिलेले. नवरदेवाकडच्या बाया तोंडावर हात ठेवत. "नवरीच्या हातात जादू आहे वं माय!" नवरी मान खाली घालून लाजे. अन् जिनं ते केलं ती मी, बेबीबाई, तिकडे घरी कवाड लोटून बीड्या वळत बसलेली.

काहून, तं मी सोडलेली बाई. माझा नवरा चिखला गावच्या खाणीत कामाले होता. त्यानं दुसरी आणली अन् मले माहेरी पाठवून देलं. दुसरी आणली त्यानं, घर मोडलं त्यानं, अन् अपशकुनी ठरली मी! कोणाच्या मांडवात गेली की बायायचे तोंडं उतरत. नवरीच्या जवळ गेली की कोणीतरी नवरीले बाजूले ओढून घे. मंग मीच जाणं सोडलं. पण त्याच बाया लग्नसराई लागली की परसाकडच्या दारातून येत. "बेबीबाई, पोरीचं जमलं वं, रुखवताचं पाहा नं." माझे हात चालत त्यायले. तोंड चालत नव्हतं.

कसं करतो म्हणून कोणी विचारलं नाही कधी, तरी सांगतो. कागद म्हणजे बीडीच्या कट्ट्याले गुंडाळतात तो, कांद्याच्या सालीवाणी पातळ. बीडीचं पान कापाची कैची असते, तिनंच तो कापाचा. घडी घालून मधातून कोशाच्या रेशमी धाग्याचे टाके घालाचे. वरून आगपेटीचा पुठ्ठा, पुठ्ठ्यावर जुन्या लुगड्याचा काठ, भाताच्या खळीनं चिकटवलेला. मंग पाट्याखाली दाबून ठेवाचं, नाहीतं पुस्तक तोंड वासून बसते. लिहाचं बाभळीच्या काट्यानं. शाई जराशी जास्त झाली की फुटे, अन् फुटली की ते पान फेकाचं. मी चौथीच शिकली, पण लिहिलं ते खरं लिहिलं. पाढे, महिन्यायची नावं, नद्यायची नावं, त्यात पहिली वैनगंगा. एक बाई मले म्हणे, "एवढं बारीक कोण वाचते? नुसत्या रेघा ओढ." मी म्हटलं, "अन् उद्या कोणी डोळ्याजवळ धरून पाहिलं तं? तुया पोरीची इज्जत जाईन का माझी?" माझं तोंड असंच आहे. त्याच्या पायी मी लय ऐकून घेतलं.

सुली माझ्या भावाची, जागेश्वरची पोरगी. तिची माय रुखमा शेतावर धानाच्या बांदीत, अन् सुली माझ्या मांडीवर. पुस्तकं कराचं खूळ तिच्यापासूनच लागलं. शाळेत नाव घातलं तेव्हा तिनं हट्ट धरला का माझ्या बाहुलीलेही पुस्तक पाहिजे. एक केलं. मंग बाहुलीले पाटी पाहिजे, दप्तर पाहिजे, पाऊस आला तं छत्री पाहिजे. बाहुली नव्हे, कलेक्टरीण होती ती. "आत्या, मलेही शिकव नं," म्हणे, अन् एक टाका घातला की पळे खेळाले. आळशी नंबर एक! मी ओरडो, ती हासे, अन् उरलेलं मीच पुरं करो. मले तेच आवडे, खरं सांगतो. माझं म्हणून जे काही होतं ते ती पोरगीच होती.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिचं जमलं. मुलगा भंडाऱ्याचा, हायस्कुलात मास्तर. बाप नाही, घरात माय कौशल्याबाई अन् एक लहान बहीण. चांगलं स्थळ होतं, माझं काही म्हणणं नव्हतं. जागेश्वर माझ्यापाशी येऊन बसला अन् जमिनीवर काडीनं रेघा ओढाले लागला. लहानपणापासून त्याची हीच सवय. काही चुकीचं सांगाचं असलं की काडी शोधते.

"बाई, रागावशीन."

"रागावाचं असन तं रागावीनच. बोल."

"त्यायले तुझं सांगितलं नाही. पोरीच्या घरात सोडलेली आत्या आहे म्हटलं तं सासू मागे सरन. लग्नापुरती तू शेजारी बायाबाईच्या घरी जाऊन रहा."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. म्हटलं, "बायाबाईच्या घरी कायले? धानाच्या ढोलीत बसव नं मले, वरून झाकण लाव!" रुखमा चुलीकडे तोंड करून बसली. जागेश्वर उठून बैलाकडे गेला. झालं, बैठक संपली.

संध्याकाळी सुली माझ्या मागून गळ्यात पडली. "आत्या, रुखवत तूच कर. मी सासरी गेली की सांगीन त्यायले, हे सारं माझ्या आत्यानं केलं म्हणून. तुले बोलावून घेईन भंडाऱ्याले. सगळ्यायच्या समोर सांगीन, तुझी शपथ."

एवढंच पाहिजे होतं मले. लुगडं नाही, मान-पान नाही, नवरीच्या बाजूले पाट नाही. चार लोकायच्या समोर कोण्या तोंडानं म्हणावं की हे बेबीबाईनं केलं. एकदा म्हणावं. किती तरी पोरी माझ्या हातच्या शाळा घेऊन सासरी गेल्या, एकीनंही म्हटलं नाही. सुली म्हणीन, याची मले खात्री होती.

मंग मी जीव ओतला. जावई मास्तर, तं मास्तर बाहुला टेबलाशी बसवला. मागे आगपेट्यायचं कपाट, कपाटात पुस्तकंच पुस्तकं, एकही खोटं नाही, सारी उघडणारी. बाजूले नवरी बाहुली, मांडीवर पुस्तक उघडलेलं, पुस्तकात मोरपिसाच्या एका काडीची खूण. डोळे दुखून लाल झाले माझे. रुखमा म्हणे, "बाई, पुरे आता." मी म्हटलं, "तू धान निस."

लग्नाच्या दिवशी मी बायाबाईच्या घरी. बँड ऐकला, मंगलाष्टकं ऐकली, कवाडाच्या फटीतून मांडवाचा एक कोपरा दिसे तेवढा पाहिला. बायाबाई जेवून आली अन् सांगाले लागली, कौशल्याबाईनं म्हणे एक पुस्तक तळहातावर घेतलं, नखानं उघडलं, वाचलं, अन् सुनेले पोटाशी धरलं. "कोणी केलं वं हे?" म्हणे. अन् सुली म्हणाली, "मी."

मी म्हटलं, ठीक आहे, मांडवात असंच म्हणाचं असते. साऱ्याच म्हणतात.

सुली पहिल्या दिवाळीले आली तं म्हणे, "आत्या, सासू अजून नवीन आहे, जरा थांब." वा रे वा! सासू नवीन का सून नवीन? दुसऱ्या खेपेले म्हणे यायची शाळेतून बदली होऊन राहिली, घरात कटकट आहे. त्याच्या पुढच्या खेपेले मी विचारलंच नाही, तरी तिनं आपणहून सांगितलं, "सांगतो नं आत्या." जावई सोबत आले की मी आपलं गाठोडं घेऊन बायाबाईकडे. बायाबाईच्या सुनेनं माझ्यासाठी खाट वेगळी ठेवली होती, इतकी सवय झाली साऱ्यायले.

मंग तिच्या नणंदेचं जमलं. सुली एकटी एस.टी.नं आली, अन् ओसरीतच बसून रडाले लागली. कौशल्याबाईनं साऱ्या भंडाऱ्यात सांगून ठेवलं होतं का माझ्या पोरीचं रुखवत माझी सून करीन, असं करीन का लोक पाहात राहतीन. सामान आणून देलं होतं, खोली मोकळी करून देली होती. सुलीनं करून पाहिलं होतं. पिशवीतून काढून दाखवलं मले. ते काय पुस्तक होतं? खळ चारी बाजूनं बाहेर आलेली, टाके मोठमोठे, जसं पोतं शिवलं. मले हासू आलं अन् तिची बोटं पाहिली तं रडूही आलं. साऱ्या पेरायले सुई टोचलेली.

"इथं करून देतो, घेऊन जाय," मी म्हटलं.

"नाही नं आत्या. सासूबाई रोज येऊन पाहतात कुठवर आलं म्हणून. तूच चाल. तिथं गेल्या गेल्या सांगतो, ही माझी आत्या, मी हिच्याजवळूनच घेतलं. आता तं मी जुनी झाली, आता काय बोलतीन त्या?"

मी पेटीतून चांगलं लुगडं काढलं. एस.टी.त साऱ्या रस्त्यानं तिनं माझा हात धरून ठेवला होता. मी मनात बोलणं जमवत होती. सासूनं विचारलं तं असं सांगीन, इतके दिवस काहून नाही आली तं तसं सांगीन. तोंडाची मी फटकळ, म्हणून गोड शब्द शोधून ठेवले होते.

कौशल्याबाई दारातच उभी होती. गोरी, उंच, कपाळभर कुंकू. मायाळू बाई, मी खोटं नाही सांगत. "कोण आहे वं सोबत?"

सुलीचा हात माझ्या हातातून निघाला.

"माझ्या गावची बाई आहे. पवनीवाली. लग्नाच्या कामाले आणली, निसणं-टिपणं कराले. गरीब आहे बिचारी."

"बरं केलं," कौशल्याबाई म्हणाली. "ये बाई, पाय धू. मागच्या अंगणात नळ आहे."

मी पाय धुतले. दुसरं काय करत होती? मागच्या पडवीत सुली आली, डोळ्यात पाणी. "आत्या, एकदम तोंडात शब्दच आला नाही. इतके दिवस कशी लपवली म्हणतीन. खोटारड्या घरची म्हणतीन मले. लग्न होऊ दे, मंग सांगतो." मी म्हटलं, "हो जा, तुया सासूनं हाक मारली." माझ्या गोड शब्दायचं गाठोडं तसंच राहिलं.

तेव्हापासून मी त्या घरात पवनीवाली. माझं नाव कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सकाळी तांदूळ निसाचे, भांडे घासाचे, दुपारी सुलीच्या खोलीत कवाड लोटून बाहुल्या. दोघी असलो की मी शिवो अन् ती पंखा हलवे. पावलं वाजली की ती माझ्या हातातून सुई घे, मी तांदळाचं सूप ओढो. काय नाटक होतं बाप्पा! शाळा तं केलीच, पण या खेपेले बाहुल्यायचा संसारही केला. पितळेच्या दुकानातून आणलेले गुंजेएवढे गडवे, त्यायच्याखाली गवताच्या काड्यायची चुंबळ, अन् स्वयंपाक करणाऱ्या बाहुलीच्या बाजूले उघडं पुस्तक. रागानं हात जास्तच सरळ चालत होता माझा.

एक दिवस पावलं वाजलीच नाही. कौशल्याबाई एकदम आत आली तं सुई माझ्या हातात, अर्धं पुस्तक माझ्या गुडघ्यावर. सुली पांढरी पडली. मी म्हटलं, चला, सुटलो एकदाचे.

कौशल्याबाईनं पुस्तक उचललं, उजेडाकडे धरलं. "अवं सुलोचना, तू हिलेही शिकवलं का?"

सुलीनं हो म्हणून मान हलवली.

"बरी शिकली. पण तुझ्या हातची सफाई नाही आली हो अजून."

"शिकून राहिली हळूहळू," सुली म्हणाली.

माझ्या हातची सुई मी धाग्यासगट गादीत खोचली अन् उठून नळावर गेली. तिथं भांडे होते, ते घासले. घासलेले होते, ते पुन्हा घासले. पवनीची गाडी कुठून सुटते ते मले माहीत होतं, कोणी अडवलंही नसतं. पण काम अर्धं होतं, अन् अर्ध्यावर सोडलं असतं तं पोरगी भर लग्नात तोंडावर पडली असती. अन् तिनं 'लग्न होऊ दे' म्हटलं होतं. इतकं झाल्यावरही मी त्या एका शब्दावर बसून होती. मले माझाच राग येत होता.

लग्नाले जागेश्वर अन् रुखमाही आले, व्याही म्हणून पहिल्या ओळीत. मी पाण्याचे गिलास फिरवत होती. जागेश्वरनं माझ्या ट्रेमधून गिलास उचलला अन् पिऊन तसाच ठेवला. मांडवात काडी नव्हती, नाहीतं शोधली असती त्यानं.

रुखवतापाशी ही गर्दी. नवरदेवाकडच्या बाया वाकून वाकून पाहात होत्या, कौशल्याबाई एकेक वस्तू उचलून दाखवत होती, बाजूले सुली, शालू नेसलेली. मी पाणी घेऊन तिथं गेली. गर्दीतून एक सून पुढे आली, कोंढ्याची, ते आमच्या पवनीजवळचं गाव. तिनं एक पुस्तक हातात घेतलं, पालटून टाके पाहिले, अन् मोठ्यानं हासली.

"अवं, हे तं पवनीच्या बेबीबाईचं काम!"

मी ट्रे घेऊन जागीच थांबली.

"माझ्या रुखवतात अशीच होती नं," ती म्हणे. "माझी माय जाऊन घेऊन आली होती. मी काय करतो, मले तं बटन लावता येत नाही. सारं बेबीबाईच करते तिकडे. मी पाहिली नाही कधी तिले, ती मांडवात येत नाही म्हणतात. जागेश्वरजीची बहीण नं ती? नवऱ्यानं सोडलेली? म्हणजे तुमच्या सुनेची आत्याच झाली!"

भर मांडवात, बायायच्या मधात, माझं नाव. अनोळखी बाईनं घेतलं, पण घेतलं. मी ट्रे तिथंच ठेवून पुढे होणार होती. वाटलं, आता सुली माझा हात धरून म्हणते, हे काय, ही उभी आहे.

कौशल्याबाईचं हासणं थांबलं होतं. "सुलोचना, तुले आत्या आहे? आम्हाले तं कोणी सांगितलं नाही."

सुलीनं माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, डोळ्यात डोळे घालून. मंग सासूकडे वळली.

"होती," म्हणे. "मेली ती. माझ्या लग्नाच्या आधीच. तिच्याजवळूनच मी सारं शिकली."

अन् मंग जे मले जन्मभर पाहिजे होतं ते झालं. साऱ्यायनं माझं नाव घेतलं. "बेबीबाई का? काय हात असन वं तिचा!" "पोरीले शिकवून गेली, पुण्यवान बाई." कोंढ्याच्या सुनेनं कानाले हात लावले, "मले माहीतच नव्हतं माय, माफ करजा." कौशल्याबाईनं बाहुल्यायच्या पुढे दोन्ही हात जोडले. सोडलेली म्हणून कोणी तोंड वाकडं केलं नाही. मेलेल्या बाईले कोण सोडलेली म्हणते?

तेवढ्यात कौशल्याबाईले माझी आठवण आली. "पवनीवाली, तू तं त्याच गावची. वळखत होती का तू तिले?"

साऱ्या बाया माझ्याकडे पाहाले लागल्या. सुलीच्या कपाळावर घाम, शालूचा पदर मुठीत धरलेला. लहानपणी भ्यायली की माझं लुगडं असंच धरे ती. मी एक शब्द बोलली असती तं तिचं घर जागच्या जागी बसलं असतं. अन् तो शब्द माझ्या जिभेवर होता, देवाशप्पथ होता. या तोंडानं मी भल्याभल्यायले सोडलं नाही.

"वळखत होती," मी म्हटलं. "शेवटची आंघोळ मीच घातली तिले."

बाया चुकचुकल्या. सुलीनं पदरानं डोळे पुसले, अन् ते खरंच ओले होते. कोणीतरी तिकडून पाणी मागितलं, मी ट्रे घेऊन तिकडे गेली.